सांगनं माझं, हात काकूचा

हेडमास्तरनं चमचा उचलला. ओठापर्यंत नेला. दाराकडं पाह्यलं. दारात सहा-सात बाया पदर खोचून उभ्या होत्या. मंग त्यानं तो चमचा तसाच खिचडीत ठेवून देल्ला आन खिशातला रुमाल काढून ओठ पुसले. ओठाले काई लागलंच नवतं, तं पुसलं काय, हे मले अजून समजलं नाई.

शाळेत खिचडी शिजवायच्या कामावर माझा तो चौथा दिवस होता. रिसोड तालुक्यातलं आमचं गाव. नाव सांगत नाई, गावात शाळा एकच हाय. नियम असा का पोराईले वाढायच्या आधी हेडमास्तरनं आन कोन्या एका पालकानं खिचडी चाखायची, आन चवीच्या रजिस्टरात 'चव चांगली' असं लिवून सही करायची. तीन दिवस पालकाचा रकाना कोराच राह्यला. काहून, तं मी नाल्यापलीकडल्या भीमनगरातली. चौथ्या दिवशी ह्या बाया आल्या. पुढं शोभाकाकू, शाळा समितीच्या अध्यक्षाची बायको. सारं गाव तिले काकू म्हनते, मी बी म्हनो.

काकू मले एक शब्द बोलली नाई. मी तिथी नसल्यासारखी हेडमास्तरले बोलली.

"सर, उद्यापासून आमचे लेकरं घरून डबे आनतीन."

"वयनी, असं नका करू. वरून विचारतेत आमाले."

"मंग तुमीच खा न चमचाभर. आमी पाह्यतो."

तवा त्यानं तो चमचा उचलला होता.

त्या दिवशी भीमनगरातले पाच पोट्टे जेवले. बाकीचे मांडी घालून कोऱ्या ताटल्यापुढं बसून राह्यले, आन घंटी झाल्यावर उठून गेले. गंजभर खिचडी उरली. ती मीच उचलली, माझ्याच हातानं, आन शाळेमागं ढोराईच्या टाक्यात ओतली. ढोराईनं नाव ठेवलं नाई.

दुपारी हेडमास्तर म्हने, "बाई, तुमी भांडे घासत जा. शिजवायचं आपन दुसऱ्या बाईले देऊ. उगाच वाद कायले?"

मी म्हनलं, "हो सर."

बस. एवढंच म्हनलं. बारावी शिकलेली बाई मी, तोंडाची तिखट म्हनून भीमनगरात नाव हाय माझं, नळावर माझ्याशी कोनी भांडत नाई. पन तिथी 'हो सर' म्हनलं. खायच्या आधी माझा हात बाटका, खाल्ल्यावर चोख. उष्ट्या ताटल्याईले माझा हात चालते. हे कोन्या पुस्तकात लिवलं हाय, माय जाने.

मले काय पाहिजे होतं? दुसरं काई नाई. कोनी तरी म्हनावं का हे हिनं केलं, आन खावं. दोन्ही संगंच. म्हनावं आन खावं. माह्या मायले हे जन्मात भेटलं नाई. ती लोकाईच्या लग्नात पाट्यावर मसाले वाटत होती, मांडवाच्या भायेर बसून. मसाला आत जाये, माय भायेर राहे.

भांडे दीड वाजेपर्यंत घासून होत. मंग मी हापशीजवळच्या निंबाखाली बसो. हातात मोबाइल. शिजवायची सवय लहानपनापासूनची, शाळेत शिजवू तं देईना कोनी. एक दिवस बसल्या बसल्या मोबाइलमंदी लिवलं – पातोडी कशी करतेत. बेसन घट्ट शिजवून थापायचं, शंकरपाळ्यावानी कापायचं, आन झणझणीत रश्श्यात सोडायचं. माय रश्श्यात खोबरं टाकत नसे. खोबरं घ्यायची ऐपत कोनाची होती? ती भाजलेल्या जवसाचं कूट टाके. ते बी लिवलं.

केनवडच्या बाजारात सलीमभाईचं दुकान हाय. फॉर्म भरून देते, झेरॉक्स काढून देते. मी तिथी नवऱ्याच्या कामगार नोंदणीसाठी गेलती. सलीमभाईनं ओटीपीसाठी माझा मोबाइल पाहता पाहता ते लिवलेलं वाचलं आन म्हने, "ताई, ये तो पेपर में आना चाहिए. ब्लॉग काढून देऊ का? फुकट असते." त्यानंच खटखट करून पान काढलं. विचारे, "नाव काय देऊ?" मी म्हनलं, "सराटा." आमच्याकडं उलथन्याले सराटा म्हनतेत. मंग विचारे, "आन लिवनाऱ्याचं नाव?"

मी म्हनलं, "राहू द्या."

तिथी चुकली मी. कोनी सांगतलं नवतं, धमकावलं नवतं. माह्या तोंडूनच निघालं ते.

पहिल्या महिन्यात अकरा वेळा कोनी तरी ते पान पाह्यलं. त्यातून सात वेळा मीच. पन मी सोडलं नाई. दर सोमवारी एक टाको. अंबाडीची भाजी, शेंगोळे, रोडगे, तुराट्याच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. हळूहळू समजलं का नुसतं 'दोन चमचे हे, चार चमचे ते' कोनी वाचत नाई. माय चुलीपुढं बसून काय बोले, कवा रडे, कवा शिव्या दे, हे लिवलं का लोक थांबतेत. फोटो काढायचा तं मांगची टिनाची भिताड दिसे. ते मी कापून टाको. ताट आमच्या घरी स्टीलचं, पोचे पडलेलं. तं सलीमभाईच्या अम्मीचं पितळी ताट मांगून आनो. अम्मी म्हने, "ले जा बेटी, घासून मात्र आन." तिच्या घरी मले पानी भेटे, तिच्याच गिलासात.

त्या पितळी ताटानं घात केला. एका बाईनं खाली लिवलं, "अहो, किती सुंदर! तुम्ही नक्कीच पाटलीणबाई असणार. असं जुनं पितळ आता कुठे बघायला मिळतं?" झालं. दुसरीनं बी पाटलीनबाई म्हनलं. तिसरीनं म्हनलं. महिन्याभरात मी साऱ्याईची पाटलीनबाई झाली. पुन्याच्या बाया, नागपूरच्या बाया, परदेशातल्या बी. जवसाचं कूट पाहून म्हनत, "किती हेल्दी! आपले पूर्वज किती हुशार होते." पूर्वज कायचे हुशार, भुकेले होते.

मी खोडलं नाई. एवढंच असतं तं चाललं असतं. पन एकीनं विचारलं, "तुमच्याकडे मोठं स्वयंपाकघर असेल ना? हाताखाली माणसं असतील?" आन मी लिवलं, "हो ताई."

खोटं सांगत नाई, ते लिवताना मले भल्लं गोड वाटलं. हाताखाली मानसं! दुपारी उष्ट्या ताटल्या घासनारी मी, आन माह्या हाताखाली मानसं. रोज हजार-हजार लोकं वाचायले लागले. सलीमभाई म्हने, "ताई, ये तो चल निकला." मी निंबाखाली बसून हसो. राख माखलेल्या बोटानं हसत हसत उत्तर दे.

दोन वर्षं असे गेले.

मंग शाळेच्या मैदानात महिला मेळावा झाला. पाककलेची स्पर्धा. तालुक्याहून बाया आलत्या, माईक होता, हार होते. मी हापशीवर. पहिला नंबर कोनाचा? शोभाकाकूचा. पदार्थ कोनता? पातोडी, जवसाच्या रश्श्याची.

मले वासावरूनच समजलं होतं. आपलं लेकरू गर्दीत पाठमोरं बी ओळखू येते, तसं.

काकू माईकवर बोलली. "मोबाइलवर एक पाटलीनबाई लिवतेत, त्याईचं पाहून शिकली मी. काय हात हाय त्या बाईचा! मी तं वर्षभरापासून त्याईचंच वाचून रांधतो. आमच्या घरी आता दुसरं जेवन जातच नाई." टाळ्या. मी ताटली घासता घासता थांबली. छातीत काई तरी भल्लं मोठं झालं. वाटलं, आता सांगावं. आता तं सांगावं.

सारं आटोपल्यावर चार-पाच बाया हापशीकडं आल्या. काकूच्या हातात पातेलं, त्यात उरलेली पातोडी. म्हने, "घे वं, तू बी खा. पाह्य कशी झाली." मी हात धुवून वंजळ पुढं केली. तिनं इकडं-तिकडं पाह्यलं. खाली पेपरचा तुकडा पडला होता. तो पायानं सरकवला, आन वरून, वीतभर वरून, पळीनं पातोडी त्याच्यावर सोडली. दोन थेंब रस्सा माह्या मनगटावर उडाला. गरम नवता.

माह्या मायची पातोडी. कागदावर. मातीत.

मी खाल्ली. तोंड दाबून बुक्क्याचा मार काय असते, ते तवा समजलं. जवस कमी भाजलं होतं तिनं, कच्चट लागत होतं.

मले काकूचा राग नाई आला. खरं सांगतो. मले माहा राग आला. त्या 'हो सर'चा. त्या 'हो ताई'चा. दोन्ही 'हो' एकाच तोंडातले.

मी म्हनलं, "काकू, जवस अजून भाजाले पाहिजे होतं. तडतडेपर्यंत. तसं लिवलं हाय मी."

"तू कुठी लिवलं?"

"सराट्यात. ते मी लिवतो. पाटलीनबाई कोनी नाई."

त्या हसल्या. काकू बी हसली. "अवं, तुले लिवता येते का?" मंग मी मोबाइल काढला. अंगठा लावला, पान उघडलं, आतलं उघडलं, जिथी फक्त लिवनाऱ्याले जाता येते. त्याईच्या पुढ्यात धरलं. काकूनं वाचलं. शेजारच्या बाईनं वाचलं. हसनं बंद झालं.

ती शेजारची बाई हळूच म्हने, "म्हनजे काकू, तुमी वर्षभर हिच्या हातचं खाल्लं?"

काकूचं तोंड पांढरं पडलं. पन घडीभरच. मंग ती म्हने, "हातचं कसं वं? सांगनं तिचं असन. हात तं माझा होता."

आन साऱ्याईनं मोकळा श्वास घेतला. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. खांदे खाली आले त्याईचे. कोनी म्हने, "हो न, खरंच." कोनी म्हने, "नुसतं वाचल्यानं काय होते?" सुटल्या. दोन वर्षाची माझी मेहनत, माह्या मायचा जन्म, सारं त्याईच्या पोटात गेलं, आन बाट मात्र लागला नाई. आयत्या पिठावर रेघोट्या म्हनतेत, त्या ह्या. हार काकूच्या गळ्यात तसाच होता.

मी उभी राह्यली. घासायच्या ताटल्याईचा ढीग पडला होता.

"ह्या तुमीच घासा," मी म्हनलं. "हात तुमचाच हाय न."

काकू पाठीमागून ओरडली, "उद्या कामावर येशीन तवा पाह्यतो!"

"येनार नाई."

नाल्यावर बसून मी लिवलं. सलीमभाईले विचारलं नाई, नवऱ्याले विचारलं नाई. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, भीमनगर. मी पाटलीन नाई, माह्या हाताखाली मानसं नाईत, 'हो ताई' म्हनलं ते खोटं होतं. शाळेत माह्या हातची खिचडी ढोराले गेली, ते लिवलं. काकूनं पातोडी कशी वाढली, ते लिवलं. आन जवस किती भाजायचं, ते बी. टाकून देल्लं.

तुमाले वाटन, मंग लोकं धावून आले असतीन. काई आले. दहा-बारा जनाईनं 'सोबत आहोत' असं लिवलं. ते पुन्हा दिसले नाईत. बाकीच्याईनं काय लिवलं, सांगतो. "रेसिपीच्या पानावर जात कशाला आणता?" "आमची फसवणूक केली." जिनं पहिल्यांदा पाटलीनबाई म्हनलं होतं, तिनं लिवलं, "तुमचं लेखन आवडत होतं. पण आता करावंसं वाटत नाही. राग मानू नका." राग मानू नका, म्हने. बाकीचे तं काई न बोलताच गेले. हजारावरून शंभरावर, शंभरावरून विसावर. दोन महिन्यानं कोनी तरी माह्या साऱ्या पातोड्या, शेंगोळे, भरीत उचलून आपलं पान काढलं. वर नथ घातलेल्या बाईचा फोटो. खाली माह्या मायच्या शिव्या गाळलेल्या. ते पान भल्लं चालून राह्यलं.

शाळेनं दुसरी बाई ठेवली, भांड्याले. ती बी भीमनगरातलीच. गरज होती तिले, मी तिले काय बोलू?

सलीमभाई वाईट मनाचा नाई. तो म्हने, "ताई, वो एक पोस्ट काढून टाका. नाव काढा. सहा महिन्यात लोक विसरतीन, परत येतीन." नवरा म्हने, "झालं समाधान?" तेलही गेलं, तूपही गेलं, अशी गत झाली माझी, हे मले बी दिसते. मी आंधळी नाई. सराट्याचं पान पुन्हा कवा वर येईन असं मले वाटत नाई. काकूच्या घरी अजून बी जवसाचा रस्सा होते, वास नाल्यापलीकडं येते. ती कवा माझं नाव घेऊन खाईन, असं बी वाटत नाई. माह्या जन्मात तं नाई.

पन नाव काढनार नाई.

दर सोमवारी टाकीन. आता पयले नाव, मंग आडनाव, मंग भीमनगर, आन त्याच्या खाली पदार्थ. नाव वाचल्याबिगर खाली जाताच येनार नाई, असं करून घेतलं सलीमभाईकडून. तो म्हने, "कोनी येनार नाई ताई." मी म्हनलं, "नको येऊ दे." ज्याले माझं नाव गिळवत नाई, त्यानं माझी पातोडी बी गिळू नये. उपाशी राहावं.

इथी मी नाव सांगतलं नाई, हे तुमच्या ध्यानात आलं असन. इथी तुमी नुसतं ऐकून राह्यले. नाव तिथी हाय, पातोडीच्या वर. रांधायचं असन तं तिथी या, ते वाचा, आन मंग बेसन भिजवा.