गालावरचं वय

फोटो स्टुडिओत धूळ आणि किस्से आज झाडले तरी उद्या तेवढेच! ब्रह्मपुरीतल्या माझ्या स्टुडिओत तर गिऱ्हाईक स्वतःचं तोंड घेऊन येतं आणि दुसऱ्याचं मागतं. मी सातवीत शाळा सोडली, कॉम्प्युटर माझी मीच शिकले. म्हणून कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही.

*

एका रिटायर्ड मॅडमनी ऑर्डर सोडली, "सुरकुत्या काढून टाक."

मी सुरकुत्यांना हातच लावला नाही. फक्त गालांचा रंग एकसारखा केला. मॅडम खूश! "पाह्य, सुरकुत्या गेल्या तर कशी दिसतो!"

"एकही नाई काढली, मॅडम."

"खोटं नको बोलू. मले माह्या सुरकुत्या माहीत नाई का?"

*

शेजारचे नामदेवभाऊ म्हातारपणाच्या पेन्शनचा फोटो काढायला आले. मी मायेनं फोटोत त्यांच्या कपाळावरचे काळे चट्टे पुसून दिले. दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडले, "साहेब म्हनते, पोराचा फोटो काऊन लावला? बाई, माह्ये डाग वापस कर!"

*

माझी असिस्टंट पुष्पा, सव्वीस वर्षांची. दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग. लग्नाची तिला मनापासून हौस, पण स्थळं यायची आणि चहा पिऊन जायची. एका मुलाची आई तोंडावर म्हणाली, "पोरगी वयानं मोठी दिसून राह्यली."

मी म्हटलं, "गालावर डाग हायेत, जन्मतारीख नाई!"

*

मग पुष्पाला म्हटलं, "बायोडाटाचा फोटो साफ करून देतो. दोन मिनिटांचं काम."

"अन् सासरी रोज सकाळी कॉम्प्युटर घेऊन तुमीच याल का?"

तिचा फोटो डागांसकट गेला.

*

वरोऱ्याच्या एका जीप ड्रायव्हरचं स्थळ आलं. फोटोत पोरगा कोवळा, चिकणा. पाहण्याचा कार्यक्रम माझ्याच घरी.

मी पाणी घेऊन पाहुण्याच्या उजव्या बाजूनं गेले. बघते तर गाल रापलेला, चट्ट्याचट्ट्यांचा. चांगला पंचेचाळीसचा माणूस! म्हटलं, "बसा भाऊ. नवरदेव मागून येऊन राह्यला का?"

"मीच आहो नवरदेव."

ड्रायव्हरच्या खिडकीतलं सगळं ऊन उजव्या गालानं खाल्लेलं, आणि पठ्ठ्यानं फोटो काढला होता डावीकडून!

पुष्पा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. सगळं ऐकलं होतं तिनं. ट्रे ठेवला, त्याची हनुवटी धरली आणि स्टुडिओत करते तशी सरळ केली.

"समोर पाहा. हालू नका."

उजवा गाल नीट पाहून घेतला. मग खिडकी उघडली आणि उजेडात आपला गाल त्याच्यापुढे केला.

"आता तुमी पाहा."