मामांच्या बाटलीचं झाकण

आमच्या हिच्या मामांनी जन्मात विश्वास ठेवला तो फक्त कैरीवर, आणि तिच्यावरही आधी चिरून बघितल्यावरच. घाटकोपरला औद्योगिक वसाहतीत त्यांचा लोणच्याचा गाळा. बाटल्या समोरच्या गाळ्यातल्या भाभी बनवतात, झाकणं शेजारचे सावंत बनवायचे. या दोघांशिवाय मामांचं पान हलत नसे आणि दोघांवर त्यांचा काडीचा भरवसा नसे. भाभी आणि सावंत पॅसेजमध्ये चहाला उभे राहिले की मामांचा कान दाराच्या फटीला. "जावईबापू, काहीतरी शिजतंय बरं का," मला म्हणायचे. चहा पिताना माणसं बोलणारच, पण मामांना हे सांगायचं कोणी?

सावंतांना ते झाकणाचं माप मुद्दाम थोडं मोठं सांगत. "दोघांना खरं सांगितलं तर उद्या बाटली त्यांची, झाकण त्यांचं, लोणचंही तेच घालतील. मी काय कैऱ्या राखत बसू?" खरं माप ऐन वेळी फोनवर सांगायचा बेत असे, आणि तो फोन मामा हटकून विसरत. तरी झाकणं चपखल बसायची. मग मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "बघितलंत? माणसं अशी धाकात ठेवावी लागतात."

मध्यंतरी भाडं परवडेना म्हणून सावंत गाळा सोडून वसईला गेले. "गेला एकदाचा," मामा म्हणाले. नव्या झाकणवाल्यालाही त्यांनी नेमाने खोटं माप दिलं, नेमाने फोन विसरले. दिवाळीच्या तोंडावर एका मोठ्या दुकानाची ऑर्डर होती. ती चुकली असती तर गाळ्याला टाळंच. झाकणं आली आणि बाटल्यांवर नुसती गरगर फिरायला लागली. मामांनी नव्या झाकणवाल्याला फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलं तेच केलं ना."

आवाज ऐकून भाभी आल्या. "सावंतभाई दरवेळी चहाला माझी बाटली बघून माप घ्यायचे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मामांनी वसईला फोन लावला. "सावंत, खरं माप सांगतो, ऐक."

"मामानू, ता माका पयल्यापासून म्हायत आसा. सकाळी झाकणांचो टेम्पो धाडतंय."

ऑर्डर गेली. हल्ली मामा भाभींबरोबर पॅसेजमध्ये चहा घेतात, सावंतांच्या बंद शटरकडे बघत. परवा मला म्हणाले, "जावईबापू, इतकी वर्षं तो माणूस माझं ऐकतच नव्हता हो." मामा शटरकडेच बघत राहिले, आणि हातातला चहा निवून गेला.