मोरीतली हळद
नातसुनेच्या सिंकमधून पाणी गुडगुडत उतरलं की मला वालूरचं आमचं तळघर आठवतं. निजामाचं राज्य होतं आणि माझ्या लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. उन्हाळ्यात दुपारी सगळं घर तळघरात उतरायचं, आणि तिथलं खरकटं पाणी बादलीनं बारा पायऱ्या वर न्यायचं काम माझं. शेवटी सासऱ्यांनी खालीच मोरी बांधायला घेतली. घर उतारावर होतं, म्हणून गवंड्यानं भाजलेल्या मातीचे नळ मागच्या ओढ्यापर्यंत पुरले. तळघरात ओल्या चुन्याचा वास कोंदला होता. "हळदीचं पाणी सोडा, तिकडं पिवळं निघालं की नळ सलग हाय," असं सांगून गवंडी वर गेला. ओढ्याकडच्या तोंडाशी हे जाऊन बसले. मी घागर घेऊन वाकले, तर नळातून यांचा आवाज आला, "जेवलीस का गं?" दिवसाउजेडी आम्ही कधी एकमेकांशी बोललो नव्हतो. मी नळाशी तोंड नेऊन म्हणाले, "न्हाई अजून. तुमी?" तेवढ्यात पायऱ्यांवरून सासूबाई ओरडल्या, "कोणासंगं बोलायलीस? सोड की पाणी!" घाबरून मी अख्खी घागर ओतली. हे घरी आले ते एक गाल आणि कान पिवळा घेऊन. "कानाला हळद कशी लागली रे?" सासूबाईंनी विचारलं. हे कान पुसत बाहेर सटकले, मी घागर घासायला घेतली. आता हे नाहीत. सिंकमध्ये पाणी सोडताना मी मात्र अजून क्षणभर थांबते. न जाणो, तिकडं कुणी कान लावून बसलं असलं तर.