विहिरीचं झाकण

बत्तीस सालच्या उन्हाळ्यात खापर गावच्या कय्युम सुताराची धाकटी बहीण नजमुन्निसा गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत बुडाली. तेव्हापासून त्या विहिरीचं तोंड बंद करायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. फळ्या किती लागतील ते कळेना, म्हणून तो शाळेतल्या गुरुजींकडे गेला.

"तोंडावर मधोमध दोरी धर," गुरुजी म्हणाले. "तिच्या निम्म्याला निम्म्यानंच गुण, मग बाविसानं गुणून सातानं भाग. तेवढं क्षेत्रफळ झाकायचं."

कय्युमनं तसा हिशोब करून सागाचं गोल झाकण ठोकून बसवलं. कुठे बोटभर फट राहिली नाही. तो उठणार, तोच खालून नजमाचा आवाज आला, "भाई, अंधेरा हो गया."

त्यानं फळीला कान लावला. खाली सगळं शांत होतं. पण त्या दिवसापासून ताटात भाकरी आली तरी, एवढ्या गोलातून किती उजेड आत जाईल, याचंच गणित तो मांडत बसे. घास तसाच हातात राही.

शेवटी त्यानं फळ्या उखडल्या आणि लोहाराकडून जाळी घडवून आणून तोंडावर बसवली. दुपारचं ऊन थेट पाण्यावर उतरलं. कय्युमनं वाकून हाक मारली, "नजमा!"

त्याचाच आवाज वर आला. पुढे आसपासच्या गावांतल्या कितीतरी पडक्या विहिरी त्यानं झाकल्या, पण फळी पुन्हा कुठेही ठोकली नाही.