मावशीचे दुखरे हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — जाऊ दे, कारण नकोच. सांगतेय झालं.

आधी एक कबूल करते: मला बोलता येतं. ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीचं भाषण असो नाहीतर कुणाचा सत्कार, माईक फिरत फिरत माझ्याकडेच येतो. आणि मला ते फार आवडतं, खोटं कशाला बोलू? आवाज चढवायचा नाही, उतरवायचा — मग मागच्या रांगेतल्या गप्पाही थांबतात. एक वाक्य तीनदा म्हणायचं. ज्याचं उत्तर 'हो'च येणार, असाच प्रश्न विचारायचा. आणि ऐन भरात थांबून एक घोट पाणी प्यायचं. हा धडा कुसुममावशीचा. ती माझ्या आईची मैत्रीण. मी पाच-सहा वर्षांची असताना तिनेच मला मंडळाच्या स्टेजवर उभं केलं. "थांब, श्वास घे, लोकांना वाट बघू दे," म्हणाली होती.

एक युक्ती मात्र माझी स्वतःची. आमच्याकडे मराठी बोलताना मध्येच हिंदी येतं, घरात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पण स्टेजवर सगळे जपून, शुद्ध मराठीत बोलतात. मीही बोलते — आणि एका ठिकाणी गळा दाटल्यासारखा करून हिंदीवर घसरते. लोकांना वाटतं, हिचं भान सुटलं. भान कसलं सुटतंय? थाटीपुरच्या घरी आरशासमोर चारदा घसरून पाहिलेलं असतं.

तर मोदक.

मंडळाच्या गणपतीला बायका हॉलच्या स्वयंपाकघरात बसून उकडीचे मोदक करायच्या, मावशीच्या हाताखाली. तो तिचा दिवस. शिंदे की छावनीतल्या तिच्या घरून उजाडताच पदर खोचून हजर. कुणाची उकड कच्ची, कुणाचं सारण पातळ — सगळ्यांना धारेवर धरायची आणि हसवायचीही. आणि मी? माझे मोदक फुटायचे. सगळे. दरवर्षी सगळ्यांदेखत फजिती व्हायची, आणि फजितीची मला सवय नाही.

म्हणून सात वर्षांपूर्वीच्या सभेत मी ठराव मांडला: मोदक बाहेरून मागवू. सरळ सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं? म्हणून मी — हे लिहितानाही अडखळतेय — म्हणाले, की मावशीचे हात दुखतात. ठणकतात, पण ती सांगणार नाही. माझ्याजवळ रडली. मग एक घोट पाणी. "हे हात आपण आणखी किती राबवायचे? किती? सांगा, किती?" आणि घसरले: "अब तो उन्हें आराम करने दो!"

हॉलभर रुमाल निघाले. मावशी दुसऱ्या रांगेत होती. तिने एकदा आपल्या हातांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ती बोलली असती तर मी सगळ्यांसमोर खोटी पडले असते. ती बोलली नाही. ठराव मंजूर झाला, तिला शाल दिली, आणि पुढे दरवर्षी सिटी सेंटरच्या दुकानातून खव्याचे गुलाबी मोदक खोक्यांतून येत राहिले. त्या दिवशी मावशी पाहुण्यासारखी पुढच्या खुर्चीवर बसायची, हात मांडीवर ठेवून. मी ते बघायचे आणि माईक हातात घ्यायचे.

यंदाच्या सभेत मावशी उठली आणि तिने माईक मागितला. आता सांगणार!

"सात वर्षांपूर्वी या पोरीनं तुम्हाला माझ्या हातांचं सांगितलं," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. सगळे पुढे सरकून बसले. ती थांबली. पाणी मागितलं, सावकाश प्यायली. अगं बाई, केवढी थांबली! "दुखत होते, बरं का." पुन्हा थांबली. मग दोन्ही हात वर करून, दहाही बोटं नाचवत — "लेकिन सात साल आराम किया ना! अब देखो, एकदम ठीक!"

हॉल हसता हसता रडला. मोदक घरचेच, असं एकमतानं ठरलं. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवत होते, आणि डोळे पुसायचंही मला सुचत नव्हतं.

मोदकांच्या दिवशी तिने मला आपल्या शेजारी बसवलं. माझा पहिला मोदक फुटला. दुसरा फुटला. कुणीतरी खिदळलं, मग मीही खिदळले. जरा वेळानं धीर करून तोंड उघडलं, "मावशी, तेव्हा मी —"

तिने उकडीचा गोळा माझ्या तळव्यावर ठेवला. "बोलू नकोस. कळ्या पाड."

मी पाडल्या. इतक्या आनंदाचे दिवस माझ्या वाट्याला फार आलेले नाहीत. बायका अजूनही म्हणतात, तुझ्यामुळे तिच्या हातांना आराम मिळाला हो. मी मान डोलावते.

तिचे हात कधीच दुखले नव्हते. मला मोदक येत नव्हते.