जामनगर ते भुज, तेहतीस मिनिटं

चांगदेव पहिल्यांदा दिसला तेव्हा तो आमच्या शाळेतून गुजरात चोरून नेतो आहे अशीच माझी खात्री झाली. भूगोलाच्या नकाशाला नाक लावून तो उभा होता. डोकं, भुवया, मिशा कापसाच्या तुसांनी इतक्या पांढऱ्या, की हिमालयच खाली उतरून बाकीचा देश तपासायला आलेला! मी ओरडलो, "कोण रे तो?"

हिमालय दचकला. "हळू मास्तर, भुज सटकंल!"

दोन अंगठ्यांत त्याने सुताचा धागा ताणला होता. एक टोक जामनगरवर, दुसरं भुजवर.

टेमघरचा हा माणूस यंत्रमागावर ताण्याचे उभे धागे लावायचा आणि पाळी सुटली की नकाशावर विमानांची अंतरं मोजायचा. विमान पाहिलेलं फक्त खालून. पण केशोद ते भावनगर, कोल्हापूर ते बेळगाव, सगळीकडे त्याचा धागा पोचला होता. आपल्याला कशेळीची खाडी ओलांडायला पूल लागतो आणि विमान कुठल्याच खाडीला विचारत नाही, याचं त्याला रोज नव्याने आश्चर्य वाटे.

"रस्त्यानं आखाताला वळसा, अडीचशेच्या वर किलोमीटर," तो कुजबुजला, "आन वरनं सत्त्याण्णव! देवाच्या घरचा रस्ता हाय हा." आणि लगेच त्यात सात मिळवले.

"हे सात कशाला?"

"आट नको धरायला? कापड धुतलं का आटतं."

"अरे, आकाश कुठे आटतं?"

"तुमी कदी धुतलं?"

 एकशे चार किलोमीटर, मिनिटाला पाचच्या हिशेबाने एकवीस मिनिटं, त्यात चढण्या-उतरण्याची बारा, म्हणजे तेहतीस मिनिटं, असा निकाल टेमघरभर जाहीर झाला.

चौऱ्याहत्तर साली चांगदेवच्या कारखान्याच्या शेठच्या मेहुण्याने भुजला माग टाकले आणि ते काही चालेनात. घाई होती. शेठ चांगदेवला जामनगरपर्यंत रेल्वेने नेणार आणि तिथून विमानात बसवणार, असं ठरलं. कारखान्याचा मुकादम लडकू सगळ्यांसमोर म्हणाला, "तेहतीस न्हाय भरली, तर पुन्यांदा नकाशाला हात लावायचा न्हाय."

"न्हाय लावनार," चांगदेव म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"शेजारच्या कोन गावाला जायचं तर दोनदा बस चुकते यांची," त्याची बायको गुणाबाई म्हणाली, "आन निघाले इमानाची मिनटं मोजायला!"

मी त्याला माझं घड्याळ दिलं.

आठव्या दिवशी तो परतला तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. चांगदेव ओट्यावर बसला आणि बोलू लागला. जमीन कशी तिरपी झाली. शेतं कशी वाकळेच्या तुकड्यांसारखी मागे गेली. आखातात बोटी, तिळाएवढ्या.

"आन पान्यावर इमानाची सावली चालली व्हती," तो म्हणाला, "एकलीच. शिद्दी. ना वळली, ना थांबली. मास्तर, मी नकाशावर धागा धरला व्हता ना, त्याच रेघंवरनं!"

 गुणाबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. लडकूची विडी बोटांतच विझली. तंबाखू मळणारे हातसुद्धा थांबले होते.

लडकूनेच, पण अगदी हळू आवाजात, विचारलं, "मंग मिनटं किती झाली, चांगदेवदादा?"

चांगदेवने मनगटाकडे पाहिलं.

विमानात घड्याळ बघायचं राहून गेलं होतं. तेहतीस भरली असं सांगता येईना, म्हणून ठरल्याप्रमाणे त्याने नकाशा सोडला.