जगदेव हवालदाराची सुट्टीतली ड्यूटी

आसेगावचे जगदेव पडघान माणूस भेटला की आधी त्याच्या पायांकडे बघत, मग तोंडाकडे. पलटणीत नर्सिंग हवालदार म्हणून सोळा वर्षं काढली ती बुटांनी सोललेल्या टाचा आणि मुरगळलेले घोटे बघण्यातच. बायको बघायला गेले तेव्हाही “टाचेले एरंडीचं तेल लावत जा” एवढंच बोलून उठले होते. भागिरथाबाईंनी ते त्यांना कधी विसरू दिलं नाही.

बहात्तरच्या उन्हाळ्यात, लढाई आटोपून सुट्ट्या खुल्या झाल्या, तेव्हा पलटणीच्या डॉक्टर मेजरसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. अख्ख्या लढाईत कंपनीचे चार जवान जखमी झाले होते. त्याआधीच्या उन्हाळी सुट्टीत अकरा. एक आंब्यावरून पडला, एकाला सासऱ्याच्या बैलाने शिंगावर घेतलं, एकाने वरातीत नाचता नाचता घोटा मोडला आणि दोघे आटलेल्या विहिरीत उडी मारून आले होते.

“दुश्मन ठीक है पडघान,” साहेब म्हणाले, “लेकिन ये ससुराल बहुत खतरनाक है.”

वाशीम-मंगरूळपीरकडचे पाच जवान सुट्टीवर निघाले होते. पाचही साबूत परत आणायचे, असा हुकूम झाला. निघताना साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पायाला फोड आला की माणूस लंगडतो, म्हणून कळतं. मनाला आला की तो गुपचूप सगळे हुकूम पाळायला लागतो. जगदेवांनी कडक सलाम ठोकला. त्यांना पायाचं तेवढं समजलं होतं.

मंगरूळपीरच्या स्टँडवर त्यांनी पाचही जणांना रांगेत उभं केलं.

“झाडावर चढाचं नाही. घरावर चढाचं नाही. वळखीच्या बैलाशिवाय दुसऱ्याले हात लावाचा नाही. अन् इहिरीत पानी हाये का, हे आंदी डोळ्यानं पाहा. डोक्यानं नाही.”

एसटीचा कंडक्टरही तिकिटं फाडायची थांबवून ऐकत होता. चौघांनी माना डोलावल्या. पाचवा, केनवडचा ग्यानबा, नुसताच उभा राहिला.

पंधरा दिवसांत पहिली खबर आली. एका जवानाने आंबे उतरवताना दात पाडून घेतला होता. दात पडला म्हणजे जवान मोडला का, यावर जगदेवांनी दोन दिवस विचार केला आणि दात काही सरकारी नाही, असं ठरवून टाकलं. मग ते दोन एसट्या बदलून केनवडला ग्यानबाकडे गेले.

ग्यानबा ठणठणीत होता. पायाला खरचटलेलंसुद्धा नव्हतं. पण त्याची आई, मनकर्णाबाई, जगदेवांना बघताच पदर खोचून पुढे आल्या.

“काय शिकवून धाडलं बापा तुमी याले? झाडावर नाही चढत, बैलाजवळ नाही जात, घराच्या भाईरच नाही निंगत. पंदरा दिवस झाले, बाजंवर बसून राह्यला. लोकं लढाई पुसाले येतात तं कोठीच्या आड लपते. पावसाच्या आंदी कवेलू कोन फेरन?”

जगदेव ग्यानबासमोर बसले. झोप येते का? “ठीक आहे, साहेब.” जेवण जाते का? “ठीक आहे, साहेब.” पाय दाखव. पायही ठीक होते. जगदेवांना पुढचा प्रश्न येत नव्हता. त्यांच्या पेटीत आयोडीन होतं, पट्ट्या होत्या, याच्यासाठी मात्र काही नव्हतं. ते त्याच्या अंगठ्याकडे बघत बसले आणि तेव्हा कुठे त्यांना मेजरसाहेबांचं बोलणं उलगडलं. या पोराने त्यांचा एकही हुकूम मोडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी, मनकर्णाबाईंची भाकर फुकट खायची लाज वाटून, त्यांनी स्वतःच छपराची कौलं फेरायला शिडी लावली.

“साहेब, घरावर चढाचं नाही म्हनलं होतं तुमी,” ग्यानबा दारातून म्हणाला. तीन दिवसांतलं हे त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

“तुले म्हनलं होतं. मले कोनी नाही म्हनलं.”

आढ्यापर्यंत ते नीट गेले. घोड्यावर बसावं तसे दोन्हीकडे पाय सोडून बसले आणि खाली बघितलं. तिथे सगळं थांबलं. गोळीबारात जखमी उचलणाऱ्या या माणसाला उंचीचं भय होतं, हे पलटणीत कुणालाही ठाऊक नव्हतं. पुढे होईनात, मागे होईनात. चार कवेलू घसरून अंगणात फुटले आणि मनकर्णाबाईंनी त्यातला एकेक मोजून ऐकवला.

शेवटी ग्यानबा चढला. जगदेवांच्या समोर, आढ्यावरच बसला. गल्लीतली माणसं गोळा झाली, पण लढाई विचारायला एवढ्या वर कोण येणार? ऊन तापत होतं. ग्यानबा एक कवेलू हातात घेऊन फिरवत राहिला.

“साहेब, लढाईत त्या दिवशी पानी आनाची पाळी माही होती,” तो एकदम म्हणाला. “पाय मुरगळला म्हनून माह्या जागी धरमसिंग गेला.”

त्यांच्याच कंपनीतला, जवळच्या तांड्यावरचा धरमसिंग त्यातून परत आला नव्हता. जगदेवांना ग्यानबाचा तो घोटा आठवला, वांग्यासारखा सुजलेला. ‘आराम, दोन दिवस’ ही चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती. इतके दिवस त्यांनीही ती गोष्ट कुणापुढे काढली नव्हती.

“चिठ्ठी म्या लेहली होती,” ते म्हणाले. “तुले उभं राहता येत नव्हतं, ग्यानबा. धाडलं असतं तं रस्त्यातच पडला असता. मी आजही तेच लेहीन. अन् मलेही झोप येत नाही.”

ग्यानबा रडला. जगदेवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण एकच. दुसऱ्याने आढं घट्ट धरलेलं होतं.

“वरतं बसलेच हा तं कवेलू फेरा ना बापा,” खालून मनकर्णाबाई म्हणाल्या.

तीन दिवसांत घर फेरून झालं. चौथ्या दिवशी ग्यानबाने स्वतःच सांगितलं, की त्याला धरमसिंगच्या तांड्यावर जायचंय. जगदेव सोबत गेले. धरमसिंगची आई रुपाबाई दारात ज्वारी पाखडत होती. ग्यानबाने अडखळत पाण्याच्या पाळीचं सगळं सांगितलं. तिचं सूप थांबलं. ते बाजूला ठेवून तिने विचारलं, “पाय आता बरा हाय का तुया?” जगदेवांनी त्याच्या वतीने हो म्हटलं. मग तिने दोघांना जेवू घातलं आणि संध्याकाळपर्यंत धरमसिंगच्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या. दोनदा तर हसलीसुद्धा.

पाचही जवान वेळेवर हजर झाले. परतीच्या गाडीत ग्यानबा असा झोपला, की जगदेवांच्या मांडीला मुंग्या आल्या. तरी त्यांनी पाय हलवला नाही.

शहात्तरला पेन्शन घेऊन ते आसेगावला आले. त्यानंतर उन्हाळा लागला आणि अमक्या गावचा जवान घरी आलाय, गप्प गप्प आहे, असं कानावर आलं, की ते पिशवी उचलत. “सांजेपर्यंत येतो,” म्हणत. भागिरथाबाई वाद घालत नसत. दोन दिवस पुरतील एवढ्या भाकरी आणि ठेचा बांधून देत.